शेळी, ‘ळ’ आणि तांदळाचा डबा : लहान मुलांसोबत पुस्तक वाचावे तरी कसे?

गोदाकाठ

नमस्कार. माझी मुलगी साडेतीन वर्षांची आहे आणि आम्ही नाशिकला राहतो. तिच्या पलंगाशेजारच्या भिंतीवर मुळाक्षरांचा तक्ता चिकटवलेला आहे आणि ‘अ अननसाचा’पासून ‘ज्ञ ज्ञानेश्वरांचा’पर्यंत सगळी अक्षरे ती बोट ठेवून घडाघडा म्हणते. पाहुणे आले की हा कार्यक्रम ठरलेला असतो आणि शेवटी टाळ्याही ठरलेल्या असतात. त्यामुळे वाचनाच्या बाबतीत आपण इतरांच्या दोन पावले पुढेच आहोत, असे मला गेल्या महिन्यापर्यंत वाटत होते.

गेल्या महिन्यात मी तिच्यासाठी बारा पानांचे एक चित्रपुस्तक आणले. तिसऱ्या पानावर एक शेळी दावे तोडून पळते आहे, तिच्यामागे एक मुलगा धावतो आहे आणि खाली ‘शेळी पळाली’ एवढेच छापलेले आहे. मी उत्साहाने एकेका अक्षरावर बोट ठेवून ‘हे कोणते? आणि हे?’ असे विचारत गेले. दोन दिवस तिने उत्तरे दिली. तिसऱ्या दिवशी पुस्तक सापडेना. ते चार दिवसांनी स्वयंपाकघरात तांदळाच्या डब्यामागे मिळाले आणि ते तिथे कोणी लपवले हे विचारण्याची गरजच पडली नाही.

तेव्हापासून पुस्तक उघडले की ती उठून जाते. दुसरीकडे तिच्या बालवर्गातून रोज एक अक्षर दहा वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ येतो, तो ती मुकाट्याने करते. माझ्या सासूबाई मूळच्या चाळीसगावकडच्या आहेत, चौथीपर्यंत शिकलेल्या आहेत आणि घरात अहिराणी बोलतात. नातीला गोष्ट सांगायला त्यांना आवडते, पण ‘माझ्या बोलण्याने तिची भाषा बिघडेल’ असे म्हणून हल्ली त्या पुस्तकापासून लांबच राहतात. पुस्तक वाचताना अक्षरे विचारावीत की नाहीत, या वयात अक्षरओळख किती असावी आणि सासूबाईंनी कोणत्या भाषेत सांगावे, या तिन्हींबद्दल जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

वाडीवरचे गुरुजी

गोदाकाठ ताई, पुस्तक लपवणारी मुलगी हुशार आहे. आपली परीक्षा चालू आहे हे तिने ओळखले आणि प्रश्नपत्रिकाच नाहीशी केली.

मी पालघर जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला शिकवतो. सुरुवातीची अनेक वर्षे मीही तुमच्यासारखेच करत होतो, म्हणजे पुस्तक उघडायचे आणि मुलांची झडती घ्यायची. नंतर एका प्रशिक्षणात संवादी वाचनाची, म्हणजे मुलाला बोलते करत पुस्तक वाचण्याच्या पद्धतीची, ओळख झाली. १९८८ साली मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत लाँग आयलंडवर पावणेदोन ते तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांबरोबर एक महिनाभर प्रयोग केला. दोन्ही गटांतील पालक मुलांना वाचून दाखवतच होते, फरक फक्त पद्धतीत होता. एका गटातील पालकांना सांगितले होते की, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर संपेल असे प्रश्न कमी करावेत, मुलाला चित्राबद्दल बोलते करावे आणि ते जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत त्याच्यासमोर ठेवावे. महिन्याअखेरीस त्या गटातील मुलांचे बोलणे स्पष्टपणे पुढे गेलेले दिसले. नऊ महिन्यांनंतरही ती मुले पुढेच होती, मात्र अंतर काहीसे कमी झाले होते.

तुमच्याच शेळीचे उदाहरण घेतो. पान उघडायचे आणि काहीही न विचारता थांबायचे. मी मनातल्या मनात दहा अंक मोजतो, आणि शिक्षकाला हे दहा अंक मोजणे किती अवघड जाते हे शिक्षकालाच ठाऊक. बहुतेक वेळा मूलच पहिल्यांदा बोलते. ते ‘शेळी’ म्हणाले की आपण ‘हो, काळी शेळी दावे तोडून पळाली’ असे म्हणावे. मग ‘आता हा मुलगा काय करेल?’ असे विचारावे. याचे उत्तर पुस्तकात नसते, त्यामुळे ते चुकण्याची भीती मुलाला नसते. माझ्या वर्गातील एका मुलाने या जागी ‘तो पाला दाखवील’ असे उत्तर दिले होते. पळालेल्या शेळीच्या मागे धावायचे नसते, तिला हिरवा पाला दाखवून बोलवायचे असते, हे त्याला त्याच्या घरातून माहीत होते आणि मला माहीत नव्हते. पुढे ‘तुमच्याकडची शेळी कधी पळाली होती का?’ असे विचारले की अख्खा तास त्यातच जातो आणि तो वाया जात नाही.

तेच पुस्तक रोज मागितले तर रोज तेच वाचावे. पहिल्या दिवशी आपण जास्त बोलतो, आठव्या दिवशी मूल जास्त बोलते, आणि दहाव्या दिवशी आपण एक शब्द मुद्दाम चुकवला तर ते आपल्याला रागावते.

परखड

वरील प्रतिसाद वाचून छान वाटले, परंतु मला थोडे वेगळे म्हणायचे आहे. आमच्या पिढीने पाटीवर गिरवून, बाराखडी पाठ करून आणि चुकल्यावर हातावर पट्टी खाऊन वाचायला शिकून घेतले. चित्राविषयी गप्पा मारायला कोणालाही वेळ नव्हता, तरीही आम्ही वाचतो आणि या धाग्यावर लिहितोही.

‘असर’ या ग्रामीण मुलांच्या शिक्षणाच्या पाहणीच्या २०२२ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातील तिसरीच्या मुलांपैकी केवळ २०.५ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२४ मध्ये हे प्रमाण सुमारे २७ टक्क्यांवर आले. याचा सरळ अर्थ असा की, चारांपैकी जवळजवळ तीन मुलांना अद्याप नीट वाचता येत नाही. अशा परिस्थितीत ‘अक्षरे विचारू नका, शेळीबद्दल बोला’ असा सल्ला देणे ही ज्यांच्या घरी पुस्तकांचे कपाट आहे अशांची चैन आहे. ज्या मुलाला घरी कोणीच शिकवणार नाही, त्याला अक्षरेच लवकर आणि पक्की मिळाली पाहिजेत. गोदाकाठ यांच्या मुलीला सगळी अक्षरे येतात, ही तक्रार करण्याची बाब कशी होते, हे मला समजले नाही.

वाचनमात्र

एरवी मी फक्त वाचतो, आज एक शंका विचारतो. मोबाइलवर गोष्टींचे व्हिडिओ लागतात, त्यात शब्दही रंगवून दाखवतात. ते चालणार नाहीत का? आमच्या घरी दोघेही नोकरीला आहोत आणि संध्याकाळी अंगात बोलण्याएवढे त्राण उरत नाही.

अक्षरवेल

वाचनमात्र, तुमची दमणूक खरी आहे, म्हणून थोडक्यात सांगते. व्हिडिओ मुलासाठी थांबत नाही आणि मूल जे बोलले त्यावर काही म्हणत नाही. दहा मिनिटेच मिळत असतील तर ती झोपण्यापूर्वी पुस्तकासाठी ठेवा, तेवढीही पुष्कळ आहेत.

आता परखड यांच्या मुद्द्याकडे वळते, कारण तो अर्धा बरोबर आहे आणि अर्धा बरोबर असलेला मुद्दा नुसता खोडून काढणे योग्य नव्हे. मी अनेक वर्षे प्राथमिक शिक्षकांच्या प्रशिक्षणाचे काम करते. वाचनाबद्दल १९८६ साली गॉफ आणि टन्मर यांनी एक साधे सूत्र मांडले, ते मी प्रत्येक वर्गात फळ्यावर लिहिते : वाचन म्हणजे लिपी उलगडण्याचे कौशल्य गुणिले भाषेची समज. इथे बेरीज नाही, गुणाकार आहे, आणि दोहोंपैकी एक शून्य असेल तर उत्तर शून्यच येते. शेळीबद्दल भरभरून बोलणाऱ्या, पण अक्षर न येणाऱ्या मुलाला वाचता येणार नाही, आणि सगळी अक्षरे घडाघडा म्हणणाऱ्या, पण ‘दावे’ म्हणजे काय हे माहीत नसलेल्या मुलालाही वाचता येणार नाही. असरच्या आकड्यांमागे दोन्ही प्रकारची मुले आहेत.

प्रश्न उरतो तो अक्षरे कधी आणि कशी शिकवायची याचा. इथे आपल्या लिपीचा स्वभाव समजून घ्यावा लागतो आणि त्याबद्दल मी जरा विस्ताराने लिहिणार आहे.

मुळाक्षरांच्या तक्त्यावर ‘ण बाणाचा’ आणि ‘ळ बाळाचा’ असे असते. ‘ण’ किंवा ‘ळ’ने सुरू होणारा नेहमीचा मराठी शब्द नसतो, म्हणून तक्ता करणाऱ्याचाही नाइलाज असतो. परंतु मूल काय शिकते ते पाहा. ‘क कमळाचा’ इथे चित्राच्या नावातील पहिला आवाज म्हणजे ते अक्षर, हे त्याच्या ध्यानात येऊ लागलेले असते, आणि मग बाळाचे चित्र दाखवून त्याला सांगितले जाते की, हा ‘ळ’ आहे. माझ्या पाहण्यात असंख्य मुले त्या चौकटीवर बोट ठेवून ‘ब’ म्हणाली आहेत, आणि त्यांचे उत्तर तर्काला धरूनच होते. तक्ता पाठ म्हणता येणे म्हणजे चौकटींचा क्रम पाठ असणे होय. गोदाकाठ ताई, सहज म्हणून तक्त्यावरची चित्रे झाकून आणि क्रम मोडून पाहा. मात्र तिला कळणार नाही अशा बेताने, नाहीतर तक्ताही तांदळाच्या डब्यामागे जाईल.

दुसरी गोष्ट मात्रांची. ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी येते आणि उच्चारात मात्र ‘क’ आधी येतो. ‘अर्क’मधला ‘र’ उच्चारात आधी आणि कागदावर पुढच्या अक्षराच्या डोक्यावर जाऊन बसतो. ‘प्र’मध्ये तो पोटात तिरकी रेघ होतो, ‘ट्र’मध्ये खाली काकपद होतो, आणि ‘दर्या’ व ‘दऱ्या’ यांतील फरक सांगताना तर मोठ्यांचीही तारांबळ उडते. ‘च’ एकच, पण ‘चार’मधला वेगळा आणि ‘चारा’मधला वेगळा. ‘हे जग’ आणि ‘तू जग’ यांत अक्षरे तीच, पण ‘ज’ दोन प्रकारचा. हे उच्चार लिपीत दिसत नाहीत. शब्द आधी कानावर पडलेला असेल तरच ते बरोबर वाचता येतात, आणि वाचून दाखवण्याचा अक्षरओळखीशी असलेला सर्वांत थेट संबंध मला इथे दिसतो.

तिसऱ्या बाजूने पाहिले तर तीसहून अधिक व्यंजने आणि प्रत्येकाची बारा रूपे म्हणजे चारशेच्या घरात चिन्हे होतात, आणि जोडाक्षरे त्यापुढची. सोनाली नाग यांनी कन्नड शाळांतील मुलांचा अभ्यास केला, त्यात असे दिसले की, हा सगळा पसारा पक्का व्हायला चौथीपर्यंत आणि काहींना त्याहूनही अधिक काळ लागतो. कन्नड आणि मराठी यांच्या लिपींची जातकुळी एकच आहे. म्हणजे साडेतीनव्या वर्षी घाई करून जे साधायचे आहे, ते मुळात काही वर्षांचे काम आहे.

म्हणून अक्षरे शिकवण्याची रीतही महत्त्वाची ठरते. ‘क ख ग घ’ या क्रमाने गेलो तर महिनाभर एकही उपयोगाचा शब्द तयार होत नाही. फलटणच्या प्रगत शिक्षण संस्थेत मॅक्सिन बर्नसन यांनी अक्षरगटांची पद्धत रुजवली, तिचे मर्म असे की, थोडी अक्षरे आणि एखादी मात्रा एकत्र द्यायची आणि लगेच शब्द वाचायला लावायचे. समजा क, म, ल, न आणि काना एवढेच घेतले, तर कान, नाक, काम, मका, लाल, नाला, कमान एवढे शब्द मुलाच्या हाती लागतात. मुलाला पहिल्याच आठवड्यात कळते की, या चिन्हांतून शब्द बाहेर पडतो.

गोदाकाठ यांच्या प्रश्नाचे माझे उत्तर एवढेच की, या दोन वेगळ्या बैठका आहेत आणि त्या वेगळ्याच ठेवाव्यात. पुस्तक मांडीवर असताना गोष्ट, अक्षरे निराळ्या वेळी, खेळ म्हणून, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी रीतसर. पुस्तक वाचताना ओळीखालून बोट सरकवत न्यावे एवढे पुरे. मुलांच्या डोळ्यांची हालचाल टिपणारे अभ्यास झाले आहेत, त्यांत असे आढळले की, आपण वाचत असताना चार-पाच वर्षांच्या मुलांची नजर जवळजवळ सगळा वेळ चित्रावरच असते. बोट सरकले की ती अधूनमधून अक्षरांकडे वळते आणि ‘आवाज इथून येतो’ हे त्यांना कळू लागते.

अंगणवाडीतून

मी सेविका आहे. मांडी ही एकच असते आणि माझ्याकडे पटावर बावीस मुले आहेत, म्हणून माझे चार शब्द वेगळे आहेत.

सगळ्यांना एकदम वाचून दाखवले तर पुढची पाच मुले ऐकतात आणि मागची एकमेकांचे केस ओढतात. मी सतरंजीवर सहा-सात मुलांचा गट घेते, तेवढ्या वेळात मदतनीस ताई बाकीच्यांना ठोकळे देतात, आणि उद्या दुसरा गट. म्हणजे एका मुलाच्या वाट्याला आठवड्यातून दोनदाच पुस्तक येते. परंतु सात मुलांत बसलेले मूल बोलते आणि बावीसांत बसलेले बोलत नाही, हे मी स्वतः पाहिले आहे.

खरी अडचण निराळीच आहे. आमच्याकडे पुस्तकांचा संच आला तो डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढला. पुस्तक फाटले तर भरून द्यावे लागेल असे कोणीतरी सांगितले आणि पहिले वर्षभर पेटीला कुलूप होते. तपासणीच्या दिवशी पेटी उघडायची, पुस्तके मांडायची, फोटो काढायचा आणि पेटी पुन्हा बंद करायची. शेवटी मी स्वतःच्या जबाबदारीवर खिडकीला सुतळी बांधली आणि कपड्यांच्या चिमट्यांनी पुस्तके मुलांच्या हाताला येतील अशी टांगली. पहिल्या महिन्यात दोन फाटली, ती मुलांसमोर बसून खळीने चिकटवली. त्यानंतर एकही फाटले नाही, मात्र एक घरी गेले. ते घेऊन जाणारा मुलगा आठ दिवसांनी आला तेव्हा त्याच्या धाकट्या बहिणीला त्यातली माकडे पाठ झाली होती.

आमची ही परंपरा काही आजची नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. मुले बालवाडीत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली, आणि अंगणवाडी हा शब्द त्यातूनच पुढे आला. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली, तेव्हा तो देशभर गेला. अंगणात गेलेली बालवाडी पेटीत कुलूपबंद व्हावी, याचे मला फार वाईट वाटते.

सातासमुद्रापलीकडे

मी न्यू जर्सीहून लिहीत आहे. इथे मुलगी सहा महिन्यांची असताना बालरोगतज्ज्ञांनी वजन-उंची पाहिल्यावर तिच्या हातात एक जाड पुठ्ठ्याचे पुस्तक दिले आणि तिने ते लगेच तोंडात घातले. मला वाटले, डॉक्टर हसतील. त्यांनी मात्र ‘उत्तम सुरुवात’ असे म्हणून नोंद केली. नंतर कळले की, ही प्रथा १९८९ साली बोस्टनच्या एका रुग्णालयात सुरू झाली आणि पाच वर्षांपर्यंतच्या तपासण्यांत असे पुस्तक देणारे दवाखाने आता देशभर आहेत.

आमची अडचण गोदाकाठ यांच्या उलट आहे. मुलगी आता पाच वर्षांची आहे, इंग्रजी वाचू लागली आहे, मराठी बोलते, परंतु मराठी पुस्तक वाचून दाखवले की मध्येच थांबवते. कारण अक्षरवेल यांनी सांगितलेल्या लिपीत नाही, ते पुस्तकी भाषेत आहे. आम्ही घरी ‘शेळी पळून गेली ना!’ असे म्हणतो आणि पुस्तकात ‘शेळीने धूम ठोकली’ असे असते. ‘धूम’ म्हणजे काय, ती कशी ठोकतात आणि हातोडी कुठे आहे, असे तिने गंभीरपणे विचारले होते. आता मी आधी चित्रांवरून आमच्या भाषेत गोष्ट सांगतो आणि दुसऱ्या फेरीत छापलेली ओळ जशीच्या तशी वाचतो. पुण्याला तिचे आजोबा आहेत, त्यांच्याकडे त्याच पुस्तकाची दुसरी प्रत ठेवली आहे. रविवारी व्हिडिओ कॉलवर ते वाचतात आणि ही इकडे पाने उलटते. आजोबा मुद्दाम एक पान मागे राहतात, मग तिची जी ओरड होते ती शेजाऱ्यांना ऐकू जाते.

पुस्तके मिळवण्याचा प्रश्न बऱ्याच जणांना असेल, म्हणून एक माहिती देतो. प्रथम बुक्सने २०१५ साली सुरू केलेल्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावर मराठी चित्रपुस्तके मोफत आणि पातळीनुसार लावलेली आहेत, ती छापूनही घेता येतात. अनुवादांचा दर्जा मात्र सारखा नाही, त्यामुळे मी आधी स्वतः मोठ्याने वाचून पाहतो. जे वाक्य माझ्या तोंडात अडखळते, ते मुलीच्या कानातही अडखळते. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी बालपुस्तके भारतातून येणाऱ्या प्रत्येक नातेवाइकाच्या बॅगेत आम्ही भरायला लावतो. ती वजनाला हलकी आणि किमतीला परवडणारी असतात.

पांझराकाठ

मी धुळ्याचा. गोदाकाठ ताईंचा तिसरा प्रश्न सगळ्यांच्या नजरेतून सुटला आहे आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

आमच्या अहिराणीत ‘ळ’ नाही. डोळा म्हणजे डोया, काळा म्हणजे काया, आणि तुमच्या त्या पुस्तकातील शेळी आमच्याकडे शेयी होते. मी पहिलीत असताना ‘शाया’ म्हटले म्हणून वर्ग हसला होता. त्यानंतर बाईंनी काही विचारले की मी आधी मनात सगळे शब्द तपासून पाहायचो आणि तेवढ्यात दुसरा कोणीतरी उत्तर देऊन जायचा. पुढे मी गप्पच राहू लागलो. ते वर्ष माझ्या डोक्यात अजून तसेच्या तसे आहे.

माझ्या आजीला अक्षर येत नव्हते. दिवाळी अंकातली चित्रे समोर धरून ती मला गोष्ट सांगायची. ‘हाई बाई काय करी ऱ्हायनी?’ असे विचारायची आणि मी काहीही सांगितले तरी ‘मंग?’ म्हणायची. हे ‘मंग’ फार मोठे हत्यार होते, कारण त्यानंतर मला पुढचे सांगावेच लागायचे. गुरुजींनी वर लाँग आयलंडचा प्रयोग सांगितला आहे, तो वाचताना मला आजीच आठवली. गोष्टीला सुरुवात असते, काहीतरी अडते आणि ते सुटते, ही जाण मला तिच्याकडून अहिराणीत मिळाली आणि पुढे प्रमाण मराठीत वाचताना तीच उपयोगी पडली. ती जाण कोणत्या भाषेतून आली, याची पुस्तकाने कधी चौकशी केली नाही.

सासूबाईंना खुशाल अहिराणीत सांगू द्यावे. त्या छापलेली ओळ वाचत नसतील तरी काहीही बिघडत नाही.

परखड

पांझराकाठ यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. पट्टी खाऊन शिकलो असे मी मोठ्या तोऱ्यात लिहिले, परंतु माझ्या त्या वर्गातील किती मुले चौथीच्या पुढे गेली, हा हिशेब मी कधी केला नव्हता. आज आठवून पाहिला आणि आकडा सांगण्यासारखा नाही. जे वाचायला शिकले नाहीत, ते या धाग्यावर लिहायला येणारच नाहीत, ही साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नव्हती.

तरीही माझी एक शंका कायम आहे. अक्षरवेल मॅडम म्हणतात की, अक्षरे रीतसर पाचव्या-सहाव्या वर्षी. पण मूल स्वतःहून चौथ्या वर्षी ‘हे काय लिहिले आहे?’ असे विचारत असेल, तर ‘तू अजून लहान आहेस’ असे सांगायचे का?

अक्षरवेल

मुळीच नाही, मुलाने विचारले की लगेच सांगावे. माझा आक्षेप आपण विचारण्याला आहे. मुलांना सर्वांत आधी स्वतःच्या नावाचे पहिले अक्षर हवे असते. ते द्यावे आणि मग त्या अक्षराची शिकार करू द्यावी, मिठाच्या पुड्यावर, बसच्या पाटीवर, कॅलेंडरवर. घरच्या घरी चार कागद शिवून पुस्तकही करता येते. मुलाने सांगितलेले वाक्य त्याच्यासमोर लिहायचे आणि चित्र त्याला काढू द्यायचे. आपले बोलणे कागदावर उतरते आणि उद्या पुन्हा तसेच ऐकू येते, हे पाहताना मुलाचा चेहरा बघण्यासारखा असतो.

अक्षर दहा वेळा लिहून आणण्याचा गृहपाठ मात्र साडेतीनव्या वर्षी मला पटत नाही. त्या वयाच्या बोटांना कणीक मळणे, मणी ओवणे, अंगणात खडूने मोठमोठ्या रेघा मारणे यांचीच गरज असते. वही आणि पेन्सिल त्यानंतर.

महाराष्ट्रातील पालघर आणि कर्नाटकातील यादगीर इथे पहिली ते तिसरीच्या मुलांच्या वाचन-लेखनाचा एक दीर्घ अभ्यास झाला, २०११ ते २०१६ या काळात. वर्गातला वेळ फळ्यावरून उतरवण्यात आणि अक्षरे घोकण्यात कसा जातो आणि अर्थाबद्दलच्या बोलण्याला किती थोडी जागा उरते, याचे त्यातील चित्र वाचताना मला माझेच वर्ग दिसले होते. जे पहिलीत चुकते ते बालवर्गात आणखी दोन वर्षे आधी केले तर काय साधेल, हा प्रश्न पालकांनी बैठकीत शांतपणे विचारावा, असे मला वाटते.

वाडीवरचे गुरुजी

बैठकीत विचाराल तर एकट्याने विचारू नका, चार पालक मिळून विचारा. एका पालकाने विचारले तर ती तक्रार समजली जाते आणि चौघांनी विचारले तर ती सूचना होते, हा माझा टेबलाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

गोदाकाठ

तीन आठवड्यांनी लिहीत आहे, उशिराबद्दल क्षमस्व.

तक्त्याचा प्रयोग मी केला. चित्रे झाकल्यावर तिला बारा अक्षरे ओळखता आली आणि ‘ळ’च्या चौकटीला ती खरोखरच ‘ब’ म्हणाली. ते ऐकून मला हसू आले, पण आतापर्यंतच्या टाळ्या आठवून थोडे वाईटही वाटले. तक्ता अजून भिंतीवर आहे. पाहुण्यांसमोरचा कार्यक्रम बंद केला आहे, आणि त्याने पाहुण्यांचेच जास्त अडले आहे.

पुस्तक मी पुन्हा तांदळाच्या डब्यापाशीच ठेवले, मात्र मागे नाही, पुढे. सासूबाई तांदूळ निवडायला बसतात तेव्हा मुलगी शेजारी येते. पांझराकाठ यांचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला होता. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवशी ताट मांडीवर घेऊन त्यांनी तिसरे पान उघडले आणि ‘हाई शेयी काय करी ऱ्हायनी?’ असे विचारले. मुलगी म्हणाली, ‘तिला घरी नाही राहायचं.’ ‘मंग?’ ‘मग ती मामाकडे गेली.’ त्या दिवशी ती शेळी चाळीसगावच्या गाडीत बसली, तिला खिडकीची जागा मिळाली आणि तांदूळ निवडून व्हायला एक तास लागला.

परवा निराळेच झाले. सासूबाई ‘शेयी’ म्हणाल्या तेव्हा मुलीने पानावर बोट ठेवले, ‘शेळी पळाली’ या ओळीतले दोन्ही ‘ळ’ एकामागून एक दाखवले आणि ‘आजी, हा बाळातला शेवटचा, आणि हा पण’ असे सांगितले. कोणीही विचारले नव्हते. सासूबाईंनी चष्मा लावला, पुस्तक जवळ घेतले आणि ती ओळ एकेक अक्षर लावत मोठ्याने वाचली. चौथीनंतर त्यांना मोठ्याने वाचताना घरात कोणी ऐकले नव्हते. आता त्यांनी चौथे पान मला वाचू दिलेले नाही, ते त्या स्वतः वाचणार आहेत.

बालवर्गाच्या बैठकीला अद्याप आठ दिवस आहेत. आम्ही पाच पालक झालो आहोत.